दाद औषधाला दाद देत नाही तेव्हा



मला विषय दिला होता 'जनुक संपादन आणि आपण'. हा विषय इतका मोठा आहे की सगळं सांगायला गेलो तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा, खाजरा कोपरा निवडला आहे: बुरशी.

आपल्या घरांत जिला दाद म्हणतात, पुस्तकात जिला गजकर्ण म्हणतात, ती बुरशीमुळे होते. लाल चकंदळ, कडेला उठलेलं, मध्ये फिकट, आणि रात्री झोपू न देणारी खाज. पूर्वी दोन-चार आठवडे मलम लावलं की ती जायची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती जाईनाशी झाली. या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी घरी कुणाला ना कुणाला वर्षभर रेंगाळलेली दाद झाली असेल. हात वर करायला सांगत नाही, कारण ती बहुतेक वेळा जांघेत होते आणि आपण त्याबद्दल बोलत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरचं काम करतो. कुणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. एखादी बुरशी औषधाला का जुमानत नाही, आणि 'याच कारणामुळे जुमानत नाही' हे शास्त्रज्ञ कसं सिद्ध करतात, एवढंच सांगणार आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ती पद्धत फार ओळखीची वाटते.

या दादेच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळी जात म्हणून नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातला 'इंडो' म्हणजे आपणच. जपानमध्ये राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या त्वचेवर ती सापडली होती. आता ती युरोप-अमेरिकेतही पोचली आहे. टर्बिनाफिन हे दादेवरचं नेहमीचं औषध, आणि या बुरशीच्या अनेक नमुन्यांवर ते चालत नाही.

का चालत नाही? बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. बुरशी ही जिवाणूंपेक्षा आपल्याच जास्त जवळची नातेवाईक आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. पण बुरशीवरची औषधं इतकी कमी का, याचं उत्तर त्यातच आहे: तिला मारायचं तर आपल्याला इजा न करता मारायचं, आणि दोघांत फरक थोडेच. एर्गोस्टेरॉल हा त्यातला एक मोठा फरक, म्हणून बरीचशी औषधं त्याच्याच मागे लागतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी ज्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरत होते, ते अॅम्फोटेरिसिन बीसुद्धा एर्गोस्टेरॉललाच पकडतं. टर्बिनाफिन हे एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका प्रथिनाला बंद पाडतं. त्या प्रथिनाच्या साखळीत ३९७ व्या जागी फेनिलअॅलनिन असतं. औषधाला न जुमानणाऱ्या अनेक नमुन्यांत तिथे ल्युसिन आलेलं दिसतं. जनुकात एक अक्षर बदललं की एवढं होतं.

इथे थांबू या. औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीत हा बदल दिसला. म्हणजे हाच बदल कारण ठरला का?

आमच्याकडे असं होतं. शुक्रवारी रात्री नवीन आवृत्ती चढवली, त्यात चाळीस बदल होते. शनिवारी सकाळी पैसे भरायचं पान बंद. चाळीसपैकी एका बदलाकडे बघून कुणीतरी म्हणतो, 'हाच असणार, पैशांच्या भागात तोच तर आहे.' असेलही. पण अनुभवी माणूस म्हणतो, तो एकच बदल मागे घे, बाकी एकोणचाळीस तसेच ठेव, आणि पान चालतं का बघ. चाललं, तर तोच एक बदल जुन्या आवृत्तीत घाल आणि पान बंद पडतं का बघ. दोन्ही झालं की मग बोल.

बुरशीत चाळीस नव्हे, हजारो बदल असतात. त्यात आणखी एक घोळ आहे. दवाखान्यांत पसरलेले नमुने पुष्कळदा एकाच पूर्वजाचे वंशज असतात. एका आजोबांच्या सगळ्या नातवंडांचं नाक सारखं असतं आणि त्या सगळ्यांना मधुमेहही असतो, म्हणून नाकामुळे मधुमेह झाला असं कुणी म्हणत नाही. बुरशीच्या जनुकांची नुसती यादी वाचून मात्र अशी 'नाकं' कारण म्हणून सहज पकडली जातात. जनुक वाचणं गेल्या काही वर्षांत फार स्वस्त झालं, त्यामुळे संशयितांच्या याद्या वाढल्या. पुरावा त्या वेगाने वाढत नव्हता.

टर्बिनाफिनच्या बाबतीत पुरावा मिळाला. २०१७ मध्ये जपान आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी बदललेलं जनुक घेऊन औषधाने मरणाऱ्या एका नातेवाईक बुरशीत घातलं. ती बुरशीही औषधाला जुमानेनाशी झाली. त्यासाठी त्यांनी जुनीच पद्धत वापरली. ती चालते, पण फार कष्टाची आहे. आपण दिलेला डीएनए बुरशी योग्य जागी जोडून घेईल याची खात्री नसते, बऱ्याचदा तो भलतीकडेच जाऊन बसतो. एकेका बदलासाठी आठवडे, महिने जातात.

इथे क्रिस्पर येतं. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१२ मध्ये एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं की जिवाणूंची विषाणूंपासून बचाव करण्याची यंत्रणा आपल्याला हव्या त्या जागी डीएनए कापायला वापरता येते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कॅस-९ नावाचं प्रथिन म्हणजे कात्री. तिच्याबरोबर सुमारे वीस अक्षरांची एक आरएनएची चिठ्ठी देतात. चिठ्ठीशी जुळणारी जागा सापडली की कात्री तिथे कापते. कापलेला डीएनए पेशी घाईघाईने दुरुस्त करते, आणि त्याच वेळी आपण दुरुस्तीचा नमुना हाताशी ठेवला, एक अक्षर बदललेला, तर पेशी तो नमुना बघून जोडते. वर्डमधलं 'शोधा आणि बदला' आठवा, फक्त इथे फाइल जिवंत आहे.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात असते. प्रतिकारशक्ती कमी झाली की त्रास देते, आणि रक्तात शिरली तर जीवही घेते. तिच्यावर क्रिस्पर वापरताना एक अडचण होती. जगातले जवळजवळ सगळे जीव डीएनएची तीन-तीन अक्षरं एकाच पद्धतीने वाचतात. सीटीजी ही तीन अक्षरं म्हणजे ल्युसिन, तुमच्यातही, आंब्यातही, जिवाणूतही. कॅन्डिडाचं हे घराणं मात्र सीटीजी वाचून बहुतेक वेळा सेरिन लावतं.

तुमच्यापैकी ज्यांनी झेरॉक्सच्या दुकानात किंवा छापखान्यात काम केलं आहे त्यांना हे लगेच कळेल. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडा. फाइल तीच, एकही बाइट बदललेला नाही, पण लग्नपत्रिकेचा विचका. जिवाणूतून घेतलेलं कॅस-९ चं जनुक कॅन्डिडाला जसंच्या तसं दिलं, तर ती जिथे जिथे सीटीजी आहे तिथे चुकीचा मणी ओवणार आणि कात्री बोथट होणार. म्हणून अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ते जनुक कॅन्डिडाच्या 'फॉन्ट'मध्ये नव्याने लिहून काढलं आणि २०१५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत चालते का हे बघायला त्यांनी एक असं जनुक तोडलं, जे तुटलं की पांढऱ्या वसाहती लालसर होतात. बशीकडे नुसतं बघून कळतं. चाचणी कशी लिहावी, याचा मला तर हा आदर्शच वाटतो.

अल्बिकन्सकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. जुन्या पद्धतीत आधी एक तोडा, मग पुन्हा सगळं करून दुसरी तोडा. क्रिस्पर दोन्ही प्रती एकाच फेरीत कापतं. पुढे २०१८ मध्ये याच बुरशीत एक 'जीन ड्राइव्ह' पद्धत आली. तिच्यात एका प्रतीतला बदल दुसऱ्या प्रतीवर आपोआप उतरतो, म्हणजे औषध बाहेर फेकणारे पंप दोन-दोन मिळून बंद करून बघता येतात. 'जीन ड्राइव्ह' हा शब्द कानावर पडला की व्हॉट्सअॅपवर लगेच जगबुडी सुरू होते, म्हणून सांगून ठेवतो: ही प्रयोगशाळेतल्या बशीतली सोय आहे, तिथून काही उडून तुमच्या घरी येत नाही.

आता ज्या बुरशीची सगळ्या मोठ्या रुग्णालयांना धास्ती आहे तिच्याकडे येतो. कॅन्डिडा ऑरिस. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडली म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. २०१३ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांतले रुग्ण नोंदले गेले. पलंगाच्या दांडीवर, उपकरणांवर, माणसाच्या त्वचेवर ती टिकून राहते आणि आयसीयूतल्या एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या चार बुरशींत ही होती. फ्लुकोनाझोल हे स्वस्त, जुनं, गोळीच्या रूपात मिळणारं औषध तिच्या बहुसंख्य नमुन्यांवर चालत नाही.

संशयित कोण? सगळ्यांचं बोट ईआरजी-११ या जनुकाकडे होतं. फ्लुकोनाझोल ज्या प्रथिनाला पकडतं ते प्रथिन या जनुकातून तयार होतं. त्यात बदल दिसत होते. साहजिक वाटावं असंच, पैशांचं पान बंद आणि पैशांच्या भागात बदल. बऱ्याच ठिकाणी तपास इथेच संपला असता.

अमेरिकेतल्या एका गटाने तो संपवला नाही. त्यांनी औषधाने मरणारी ऑरिस घेतली, तिला प्रयोगशाळेत फ्लुकोनाझोलमध्ये पुन्हा पुन्हा वाढवलं, आणि जे तगले त्यांची जनुकं वाचली. तिथे टॅक-वन-बी नावाच्या दुसऱ्याच जनुकात बदल दिसले. हे एक बटणासारखं जनुक आहे, त्याचा अल्बिकन्समधला भाऊबंद औषध बाहेर फेकणारे पंप चालू करतो. मग त्यांनी रुग्णांतून आलेल्या नमुन्यांत शोधलं, तर तिथेही या जनुकात बदल. आतापर्यंत हा संशयच होता. पुढे त्यांनी क्रिस्परने ६४० व्या जागचा एक बदल औषधाने मरणाऱ्या ऑरिसमध्ये घातला, तर तिच्यावर औषधाचा परिणाम खूप कमी झाला. आणि रुग्णातून आलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या ऑरिसमधला तोच बदल दुरुस्त करून मूळ अक्षर परत बसवलं, तर औषध तिच्यावर पुन्हा बऱ्यापैकी चालू लागलं. घालून पाहिलं, काढून पाहिलं. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, कारण आमच्या क्षेत्रातही इतकी शिस्त रोज दिसत नाही.

ईआरजी-११ निर्दोष सुटलं असं मात्र समजू नका. त्याचाही हात आहे, पण एकट्याचा नाही. दोन-तीन बदल एकत्र येऊन काम करतात, आणि कुणाचा वाटा किती हे एकेक बदल वेगळा काढल्याशिवाय कळत नाही.

असंच पूर्वी अॅस्परजिलसच्या बाबतीत दिसलं होतं. ही बुरशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात असते, आणि तिचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. फुप्फुसं आधीच दुबळी असतील तर ती तिथे रुजते. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना असे रुग्ण भेटले ज्यांनी अॅझोल औषध कधी घेतलंच नव्हतं, तरी त्यांच्यातली बुरशी त्या औषधाला जुमानत नव्हती. तिच्या जनुकाच्या बटणाच्या जागी ३४ अक्षरं दोनदा आली होती आणि पुढे जनुकातही एक अक्षर बदललं होतं. प्रत्येक बदल वेगळा घालून पाहिला तेव्हा एकट्याने फारसं काही होत नव्हतं, दोन्ही मिळून होत होतं. पण ती बुरशी हे शिकली कुठे? शेतात. पिकांवर फवारतात ती अॅझोल बुरशीनाशकं आणि माणसाला देतात ती अॅझोल औषधं एकाच घराण्यातली आहेत. हेच दोन बदल असलेली बुरशी २०१२ मध्ये भारताच्या मातीतही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्याकडे द्राक्षावर भुरी येऊ नये म्हणून हेक्साकोनाझोल मारतात. नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना हे नाव मी सांगायची गरज नाही.

कुणी म्हणेल, भाऊ, एवढं सिद्ध करून रुग्णाला काय मिळालं? हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर पैशांत आहे. बुरशी वाढवून तिच्यावर औषध चालतं का हे बघायला दिवस लागतात, दादेच्या बुरशीला तर आठवडे. त्याऐवजी नेमकी दोन-चार अक्षरं तपासून त्याच दिवशी उत्तर देणाऱ्या चाचण्या शक्य आहेत. पण त्या चाचणीत कोणती अक्षरं घालायची? सिद्ध झालेली. चाचणीत चुकून एखादं 'नाक' घातलं, तर ज्या रुग्णावर दहा-वीस रुपयांची गोळी चालली असती त्याला हजारोंची इंजेक्शनं लागतील. खरं कारण चाचणीतून सुटलं, तर न चालणारं औषध देत बसू आणि रुग्ण हातचा जाईल. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत कोण उभं असतं हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना या चुका परवडत नाहीत.

धोक्याबद्दलही बोललं पाहिजे. औषधाला न जुमानणारी बुरशी प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करणं ठीक आहे का? माझं मत असं: प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि म्हणूनच उलट दिशेचा प्रयोग, न जुमानणाऱ्या बुरशीतला बदल दुरुस्त करण्याचा, जिथे पुरेसा आहे तिथे तोच आधी करावा. भारतात असं काम करायला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, १९८९ च्या नियमांखाली परवानगी लागते. कात्री कधी कधी चिठ्ठीशी जवळपास जुळणाऱ्या भलत्याच जागी कापते, हीसुद्धा खरी अडचण आहे. म्हणून चांगले संशोधक एकाच बदलाच्या अनेक स्वतंत्र वसाहती बनवतात, आणि बदल मागे घेतल्यावर जुनी वागणूक परत येते का हे बघतात.

शिवाय प्रत्येक कारण अक्षरांत सापडत नाही. म्युकर कुळातल्या एका बुरशीत २०१४ मध्ये दिसलं की ती डीएनएचं एकही अक्षर न बदलता एक जनुक गप्प करून औषधातून वाचते, आणि औषध काढलं की ते जनुक पुन्हा बोलू लागतं. आमच्या भाषेत, कोड तोच, फक्त सेटिंग बदललं. जनुक कितीही वाचा, हाती काही लागणार नाही.

आता परत दादेकडे, कारण तिथे आपल्या हातात काहीतरी आहे. मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की पुष्कळदा जी ट्यूब मिळते तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात, आणि त्यातलं एक असतं स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासोल. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. आपण खूश. बुरशी मात्र जिवंत असते, आणि त्वचेची लढण्याची ताकद स्टेरॉइडने कमी केलेली असते, म्हणून ती पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही बघताच.

इथेही संशय आणि पुरावा वेगळे ठेवतो, नाहीतर आतापर्यंत बोललो ते वाया जाईल. स्टेरॉइडमुळे दाद दबते, पसरते आणि तिचं रूप बदलतं, हे पक्कं आहे. या ट्यूबांमुळेच औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात इतकी फोफावली, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात, आणि त्यात दम आहे. पण ३९७ व्या जागचा बदल जसा घालून पाहता आला, तसा एक देश घालून-काढून पाहता येत नाही. ट्यूब टाळायला मात्र पहिलं कारण पुरेसं आहे.

बहिणींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. दाद लपवण्याची सवय आपल्या घरांत बायकांमध्ये जास्त आहे. अम्मी, खाला, वहिनी डॉक्टरांना दाखवण्याऐवजी मुलाला मेडिकलमध्ये पाठवतात, आणि तीच ट्यूब घरभर फिरते, तसाच एकच टॉवेलही. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात बाई डॉक्टर असतात, त्यांना दाखवता येतं. चकंदळाच्या कडेची त्वचा जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची चाचणी साधी आणि स्वस्त आहे, जिथे आहे तिथे ती करून घ्या. घरात एकाला झाली असेल तर बाकीच्यांनाही तपासा आणि सगळ्यांचे उपचार एकदम करा. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले तर खाज थांबल्यावरही सहा आठवडे. आणि तरीही बरं वाटलं नाही, तर 'औषध बदलून द्या' एवढंच म्हणू नका. 'ही बुरशी कोणती आहे, टर्बिनाफिनला जुमानते का, हे कुठे तपासता येईल?' असं विचारा. डॉक्टर कदाचित जरा चमकून बघतील. बघू द्या.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना मोठ्याने विचारायचे नाहीत त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालू नका.